स्कोलिन, मण्यार आणि कासूचा रस्ता

मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षे वाचल्या, त्यांना कासू हे नाव ठाऊक असते. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे दोन तुकडे झाले, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. त्यामुळे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातले हे गाव बातम्यांत मैलाच्या दगडासारखे येत राहिले. १९८६ साली रोह्यापर्यंत रेल्वे गेली, तेव्हा पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये कासूचे स्थानकही झाले. उत्तरेला वडखळ नाका आणि तिथून अलिबागला फुटणारा रस्ता, दक्षिणेला नागोठणे, त्यापुढे रोहा आणि धाटावची रासायनिक वसाहत, पश्चिमेला खारेपाटातली भातशेती, पूर्वेच्या डोंगराकडे ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. आणीबाणीच्या वैद्यकात जे जे येते ते सगळे या पट्ट्यात आहे. महामार्गावरचा अपघात आहे, शेतातले कीटकनाशक आहे, पावसाळी रात्री घरात शिरणारी मण्यार आहे, कारखान्यातला भाजलेला कामगार आहे. या चारही रुग्णांच्या बाबतीत एक वेळ अशी येऊ शकते की समोरच्या डॉक्टरला काही सेकंदांत ठरवावे लागते: श्वासनलिकेत ट्यूब टाकायची का, आणि ती टाकता यावी म्हणून रुग्णाचे सगळे स्नायू ढिले करणारे औषध द्यायचे का. ते औषध म्हणजे बहुतेक वेळा सक्सामेथोनियम. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, त्याला स्कोलिन म्हणतात.

या औषधाचा इतिहास सांगायची एक रूढ रीत आहे. आधी लांब टिकणारी, भीतीदायक औषधे होती. मग मिनिटाभरात काम करणारे आणि पाच-दहा मिनिटांत उतरणारे औषध सापडले. ट्यूब गेली तर उत्तम, नाही गेली तरी औषध उतरेल आणि रुग्ण पुन्हा आपला श्वास घेईल, म्हणून आणीबाणीत ते सुरक्षित. या कथेतला शेवटचा दुवा कच्चा आहे, असे माझे म्हणणे आहे. औषध थोडा वेळ टिकते ही गोष्ट खरी. परंतु त्या थोडक्या वेळातली सुरक्षितता औषधातून येत नाही. ती रुग्णाच्या रक्तातून, आधी दिलेल्या ऑक्सिजनमधून आणि मास्क धरणाऱ्या हातांतून येते. गेल्या सत्तर वर्षांतला पुरावा पुन्हा पुन्हा हेच दाखवतो, आणि रायगडसारख्या जिल्ह्यात तो पुरावा पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष माणसांच्या शरीरांत भेटतो. यावर थांबून विचार करायला हवा, कारण कुपी विकत घेणे सोपे असते आणि हात तयार करायला वर्षे लागतात. आरोग्यव्यवस्था या दोहोंतले काय आधी करते, यावर माणसे जगतात किंवा जातात.

स्नायू ढिले करण्याची विद्या दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरून आली. क्युरारे लावलेला बाण लागला की प्राणी निपचित पडतो आणि गुदमरून मरतो. १८१४ साली इंग्लंडात चार्ल्स वॉटरटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका गाढविणीला ते विष दिले, तिचा श्वास थांबल्यावर श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने हवा भरत राहिले, आणि ती जगली. या विद्येचा पहिला धडा त्या एका प्रयोगात पूर्ण आला होता. विष जीव घेत नाही, बंद पडलेला श्वास जीव घेतो. कोणी भाता चालवत राहिले तर विष आपोआप उतरते. तरीही हे औषध म्हणून ऑपरेशन टेबलापर्यंत यायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरले आणि तिथून भूलशास्त्राला नवे वळण लागले. पोटाचे स्नायू ढिले करण्यासाठी ईथरची भूल खोल खोल नेण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे याच दशकात भूल देणे हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहत होता. भूलतज्ज्ञांची भारतीय संघटना १९४७ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९५३ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. म्हणजे आपल्या भूलशास्त्राने डोळे उघडले तेच स्नायू ढिले करणाऱ्या औषधांच्या काळात.

सक्सामेथोनियमची गोष्ट तर हुकलेल्या संधीची आहे. १९०६ साली रीड हंट आणि रेने तावो या अमेरिकन संशोधकांनी ते तपासले होते. पण त्यांना रक्तदाबावरचा परिणाम पाहायचा होता आणि त्यांचे प्राणी आधीच क्युरारे देऊन निश्चल केलेले होते. जे स्नायू आधीच थांबलेले, ते पुन्हा थांबले हे कसे कळणार? औषधाचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या डोळ्यांसमोर घडूनही त्यांना दिसला नाही. १९४९ साली रोममध्ये डॅनिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला, आणि १९५१ पासून स्टॉकहोम, व्हिएन्ना आणि लंडन इथे ते माणसांत वापरले जाऊ लागले. शिरेतून दिल्यावर पापण्या आणि चेहरा थरथरतात, ती थरथर मान, खांदे, पोट करत पायांच्या बोटांपर्यंत उतरते, आणि मिनिटभरात सगळे शरीर सैल पडते. जबडा सहज उघडतो, स्वरतंतू स्थिर होतात आणि लॅरिंगोस्कोपच्या उजेडात श्वासनलिकेचे तोंड दिसते. पाचेक मिनिटांनी पोटाचा पडदा पुन्हा हलू लागतो. अशा वेगाची आणि अशा माघारीची जोड त्याआधी कुठल्याच औषधात नव्हती. मात्र हे औषध बेशुद्ध करत नाही, दुखणे थांबवत नाही. बेशुद्धीचे औषध आधी दिले नाही, तर माणूस पूर्ण जागा राहून सगळे सोसतो आणि पापणीसुद्धा हलवू शकत नाही.

आणीबाणीत या औषधाला जागा मिळाली ती पोटातल्या अन्नामुळे. ठरवून केलेल्या ऑपरेशनचा रुग्ण उपाशी असतो. अपघाताचा रुग्ण तासाभरापूर्वी जेवलेला असतो. बेशुद्धीत जठरातले अन्न आणि आम्ल वर आले आणि फुप्फुसात गेले, तर ट्यूब पडूनही माणूस हातचा जातो. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासून अशा ६६ घटना प्रसिद्ध केल्या आणि आम्लाने फुप्फुस कसे जळते ते प्राण्यांवर दाखवले. १९६१ मध्ये लंडनच्या ब्रायन सेलिक यांनी गळ्यातल्या कड्यासारख्या कूर्चेवर बोटांनी दाब देऊन अन्ननलिका मिटवण्याची युक्ती मांडली. तिच्या उपयोगाविषयी आज बराच वाद आहे. १९७० मध्ये स्टेप्ट आणि साफार यांनी सगळे टप्पे एका क्रमात बसवले: भरपूर ऑक्सिजन, झटपट बेशुद्धी, लगेच सक्सामेथोनियम, गळ्यावर दाब, मध्ये मास्कला जोडलेला हवेचा फुगा न दाबता थेट ट्यूब. जगभरच्या कॅज्युअल्टीत आजही थोड्याफार फरकाने हाच क्रम चालतो. या क्रमाची पहिली पायरी ऑक्सिजनची आहे आणि स्नायू ढिले करणारे औषध त्यानंतर येते. हा क्रम पुष्कळदा तोंडपाठ म्हटला जातो आणि घाईत पहिली पायरी अर्धवट राहते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली चूक ती.

आता औषधाच्या थोडक्या आयुष्याकडे पाहू. सक्सामेथोनियम लवकर उतरते कारण यकृतात तयार होणारे एक एन्झाइम, स्यूडोकोलिनएस्टरेज, रक्तातच त्याचे तुकडे करते. दिलेल्या मात्रेतला मोठा भाग स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट होतो. म्हणजे पाच मिनिटांची हमी कुपीवर लिहिलेली नसते, ती रुग्णाच्या रक्तात असते, आणि सगळ्यांच्या रक्तात ती सारखी नसते. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर कासूच्या अलीकडे रसायनी लागते. तिथल्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात मॅलाथिऑन बनत असे. मॅलाथिऑन आणि त्याच्या कुळातली ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम आणि त्याचे नसांजवळचे भावंड निकामी करतात. किडा मरतो तो त्यामुळेच आणि माणूसही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा महाराष्ट्राला या विषांची ओळख नव्याने झाली. पण विष प्यालेला रुग्ण हा ग्रामीण रुग्णालयाला कधीच नवा नव्हता. असा रुग्ण तोंडाला फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशा अवस्थेत येतो. त्याला ट्यूब लागण्याची शक्यता इतर कुणाहूनही जास्त. आणि त्यालाच स्कोलिन दिले तर पाच मिनिटांचे औषध कित्येक तास टिकू शकते, कारण ते मोडणारे एन्झाइमच उरलेले नसते. ‘नाही जमले तर उतरेल’ हा हिशेब नेमका ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्यापाशी चुकतो.

काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतःच नसते. लंडनमध्ये १९५२ सालीच असे रुग्ण दिसले होते, आणि १९५७ मध्ये टोरंटोच्या वर्नर कालो यांनी या दोषाची परीक्षा करण्याची पद्धत दिली. औषधांच्या परिणामातला आनुवंशिक फरक तपासणाऱ्या शास्त्राची ही अगदी सुरुवातीची उदाहरणे. युरोपीय लोकांत हे एन्झाइम पूर्णपणे नसणे लाखात एखाद्याच्या बाबतीत आढळते. आपल्या दक्षिणेतल्या वैश्य समाजात, ज्याला आंध्र-तेलंगणात कोमटी आणि आपल्याकडे आर्य वैश्य म्हणतात, ते प्रमाण फार मोठे आहे. कोइमतूरमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी सुमारे चार टक्के लोकांच्या रक्तात हे एन्झाइम जवळपास नव्हतेच. हा समाज नांदेड, परभणी, लातूर, चंद्रपूर या आपल्या सीमाभागातही पिढ्यान्‌पिढ्या राहतो. रोजच्या जगण्यात या लोकांना काहीही त्रास नसतो; ते ठणठणीत असतात. स्कोलिन दिले, तरच ते कळते. त्या वेळी काय करायचे याचे उत्तर अवघड नाही. रुग्णाला झोपेत ठेवायचे, ट्यूब काढायची नाही, फुगा दाबत किंवा व्हेंटिलेटर चालवत काही तास थांबायचे. माणूस पूर्ण बरा होतो. फुगा दाबणारा असेल तर हा लांबलेला श्वासबंद, म्हणजे स्कोलिन ॲप्निया, ही एक कंटाळवाणी रात्र असते. नसेल तर तो मृत्यू असतो. औषध तेच, रक्त तेच, निकाल वेगळा.

भाजलेल्या रुग्णाचे गणित आणखी निराळे. नोव्हेंबर १९९० मध्ये कासूपासून जवळच असलेल्या नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात वायूगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. अशा भाजलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत स्कोलिन देता येते. एक-दोन दिवस उलटले की त्याच्या स्नायूंवर औषधाला प्रतिसाद देणाऱ्या नव्या जागा पसरतात, आणि मग तीच मात्रा स्नायूंतले पोटॅशियम एकदम रक्तात सोडते. हृदय थांबू शकते. ही गोष्ट १९६० च्या दशकात अशा अचानक मृत्यूंमधून उमजली. म्हणजे औषध सुरक्षित आहे का, या प्रश्नाला ‘कोणत्या दिवशी?’ हा उपप्रश्न जोडावा लागतो, आणि तो विचारायला शिकलेला माणूस तिथे हजर असावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी अपवादांची यादी झाली. विष न प्यालेला, आनुवंशिक दोष नसलेला, न भाजलेला, असा साधा अपघाताचा रुग्ण घेतला तर औषधाचे थोडके आयुष्य त्याला वाचवतेच की. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर १९९७ साली जोनाथन बेन्युमॉफ यांनी गणिती मांडणीतून दिले. नेहमीची मात्रा दिल्यावर स्नायूंची ताकद निम्मी परत यायला सरासरी साडेआठ मिनिटे लागतात. फुप्फुसे आधी ऑक्सिजनने पूर्ण भरलेली असली तर निरोगी प्रौढाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे सॅचुरेशन, ९० टक्क्यांखाली यायला सुमारे आठ मिनिटे लागतात. आजारी माणसात सुमारे पाच आणि फार स्थूल माणसात तीन मिनिटांहूनही कमी. तेव्हा निरोगी माणसाच्याही बाबतीत ‘औषध उतरेपर्यंत तो टिकेल’ हे थोडक्यात हुकते, आणि महामार्गावरचा जखमी निरोगी नसतो. त्याचे रक्त गेलेले असते, फुप्फुसाला मार लागलेला असतो. औषधाचे पाच-दहा मिनिटांचे आयुष्य शरीराच्या ऑक्सिजनच्या हिशेबात फार लांब आहे. मधली दरी भरायची ती मास्क आणि फुग्यानेच.

ही दरी हातांनी भरता येते याचा सर्वांत मोठा पुरावा स्कोलिनच्याच वेळचा आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि श्वासाचे स्नायू गेलेल्या रुग्णांपैकी बहुतेक मरू लागले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमधली रीत वॉर्डात आणली: गळ्यात भोक पाडून ट्यूब, आणि तिला जोडलेला फुगा हाताने दाबत राहणे. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, महिनोन्‌महिने, रात्रंदिवस फुगे दाबत बसले आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या आयसीयूचा उगम तिथे आहे. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी अँबू बॅग तयार झाली आणि आज ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. त्याच सुमारास उलट बाजूचाही पुरावा आला. १९५४ साली हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी दहा अमेरिकन रुग्णालयांतल्या जवळपास सहा लाख भुलींचा हिशेब मांडला. क्युरारेच्या जातीची औषधे दिलेल्यांत भुलीमुळे होणारे मृत्यू ३७० मागे एक होते; न दिलेल्यांत २,१०० मागे एक. बीचर यांना वाटले, औषधातच विष आहे. टीकाकारांनी विचारले, त्या रुग्णांचा श्वास पुढे कोण सांभाळत होते? ऑपरेशन संपल्यावर औषधाचा अंमल उतरला होता का? पुढच्या दशकांत औषधे राहिली, उलट वाढली, आणि श्वास सांभाळण्याची शिस्त रुळली तसे मृत्यू कमी झाले. टीकाकार बरोबर होते.

याच विषयात रायगड जिल्ह्याने जगाला दिलेली एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात वापरता येते, म्हणून तिचा विचार आवश्यक आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, मुले फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या, हृदयावर काय होते ते ताडले, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू रोखले. त्यांचे लेखन १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे ना व्हेंटिलेटर होता, ना ट्यूब. मग आक्षेप असा की खेड्यापाड्यांना बावस्करांचा मार्ग पुरे आहे. ट्यूब, स्कोलिन, लॅरिंगोस्कोप हे शहराचे वैभव शहरात राहू दे.

विंचवापुरते हे खरे आहे. पण त्याच भातशेतात मण्यारही आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळपास दुखत नाही, सुजत नाही, काही वेळा खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, लाळ गिळता येत नाही. थोड्या वेळाने छाती हलेनाशी होते. मण्यारीचे विष नसेच्या टोकावरच हल्ला करते. स्नायूला जाणारा संदेशच थांबतो. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाने फरक पडू शकतो, मण्यारीच्या दंशात तेवढाही भरवसा नाही, आणि प्रतिविष दिले तरी जी टोके बाद झाली ती पुन्हा वाढायला दिवस लागतात. निसर्गाने दिलेले, काही दिवस टिकणारे हे क्युरारेच म्हणायचे. रुग्ण आतून जागा असू शकतो. नातेवाईक मात्र तो गेला असे समजतात. इथे कुठलीही गोळी चालत नाही. वॉटरटनच्या गाढविणीला जे लागले तेच लागते, दुसऱ्याचा श्वास. हा रुग्ण पेण, अलिबाग किंवा कामोठ्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत वाटेत कोणीतरी मास्क धरून फुगा दाबला, तर तो आठवड्याभरात चालत घरी जातो. स्नायू आधीच सैल असल्याने त्याला ट्यूब टाकायला बहुधा स्कोलिनही लागत नाही. कौशल्य आणि औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली दुसरीशिवायही जीव वाचवते, हे मण्यारीच्या रुग्णाइतके स्पष्ट दुसरा कोणी सांगत नाही. आणि बावस्करांकडे परत जायचे तर त्यांनी दाखवलेली गोष्ट गोळीपुरती नाहीच; उशाशी बसणारा डॉक्टर असणे, ही ती गोष्ट आहे.

मग स्कोलिन गावाकडे नकोच, असा निष्कर्ष काढावा का? मला तो मान्य नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे दात घट्ट मिटलेले असतात, तो झटके देत असतो, उलटी होत असते. त्याला औषध न देता ट्यूब टाकायचा प्रयत्न म्हणजे जबड्याशी झटापट, रक्तस्राव, वाढणारा मेंदूचा दाब आणि वाया जाणारी मिनिटे. अशा वेळी औषध नसणे हाही धोकाच आहे. रस्त्यावर ते कोणाच्या हातात द्यावे, याचा पुरावा दोन ठिकाणांनी दिला आहे. सॅन दिएगोमध्ये अँब्युलन्सच्या पॅरामेडिक्सना हे औषध देण्यात आले. २००३ मध्ये निकाल आला तेव्हा डोक्याला गंभीर मार लागलेल्या या रुग्णांपैकी ३३ टक्के दगावले होते. ज्यांना रस्त्यावर ट्यूब टाकली नव्हती अशा तुलनेच्या रुग्णांत २४.२ टक्के. मॉनिटरच्या नोंदी काढून पाहिल्या तर ५४ जणांपैकी ३१ जणांचे सॅचुरेशन ट्यूब टाकताना कोसळले होते, आणि त्यातल्या बहुतेक वेळी ट्यूब टाकणाऱ्याने ‘सोपे गेले’ असे लिहिले होते. शिवाय ट्यूब पडल्यावर घाईघाईने फुगा दाबून अनेकांना गरजेपेक्षा जास्त हवा दिली गेली, जी जखमी मेंदूला मारक असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र हेच औषध वापरून, जादा प्रशिक्षण आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र जोडून ३१२ रुग्णांची तुलना झाली. २०१० च्या निकालात रस्त्यावर ट्यूब मिळालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबलेल्यांत ३९ टक्के. तिथेही वाटेत हृदय थांबण्याच्या घटना ट्यूब मिळालेल्या गटात जास्त होत्या, हे सांगितलेच पाहिजे. परंतु एकाच कुपीने एका ठिकाणी माणसे घालवली आणि दुसऱ्या ठिकाणी वाचवली, याचा खुलासा कुपीत सापडत नाही.

आज नवा पर्याय पुढे केला जातो. स्नायू ढिले करणारे दुसरे औषध, रोक्युरोनियम, जास्त मात्रेत दिले तर तितक्याच झटपट काम करते, भाजलेल्या रुग्णात पोटॅशियम वाढवत नाही, त्या एन्झाइमवर अवलंबून नाही. आणि युरोपात २००८ पासून मिळणारे सुगामाडेक्स त्याचा अंमल मिनिटांत उतरवते. हे खरे पुढचे पाऊल आहे आणि विष प्यालेल्या रुग्णासाठी तर मी ते निःसंशय आधी निवडीन. तरी सुगामाडेक्स महाग आहे, आणि ते परवडले तरी मूळ अडचण तशीच राहते. आणीबाणीतल्या रुग्णाला ट्यूब लागली कारण त्याला स्वतःचा श्वास पुरत नव्हता. औषधाचा अंमल उतरवून त्याला त्याच अपुऱ्या श्वासाकडे परत पाठवण्यात काय साधते? लांब टिकणाऱ्या रोक्युरोनियमने उलट एक उपकार केला आहे. ‘थांबलो तर उतरेल’ ही खोटी आशाच त्याने काढून घेतली, आणि फुगा हातात घ्यायला भाग पाडले.

आपल्याकडच्या व्यवस्थेत कुपीची अडचण कपाटापासून सुरू होते. सक्सामेथोनियमचे द्रावण २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. बाहेर राहिले की त्याचा जोर हळूहळू कमी होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वांत भरवशाचा फ्रिज म्हणजे लसी साठवण्याचा खास फ्रिज (आयएलआर), आणि त्यात लसींशिवाय काहीही ठेवायचे नाही असा नियम आहे, जो योग्यच आहे. तेव्हा वेगळा फ्रिज, त्याला वीज, आणि कुपी किती दिवस बाहेर होती हे लिहून ठेवणारा माणूस, इथून तयारी लागते. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसह प्रगत साधनांच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. बहुतेक राज्यांच्या तुलनेत ही मोठी जमेची बाजू. भूलतज्ज्ञांचा तुटवडा पाहून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवण्याचा कार्यक्रम बाळंतपणातल्या शस्त्रक्रियांसाठी आखला. त्यातून तयार झालेले डॉक्टर ट्यूब टाकू शकतात. अलिबागला जिल्हा रुग्णालयाला जोडून २०२१-२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही चालू आहे. म्हणजे शिकवणारे आणि शिकणारे आता जिल्ह्यातच आहेत. १०८ च्या डॉक्टरांनी आणि ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांनी दर काही महिन्यांनी अलिबागच्या ओटीत भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभे राहून मास्क धरावा, हनुवटी उचलून फुगा दाबावा, छाती हलते का पाहावे. ते हाताला बसल्यावर ट्यूब, आणि त्यानंतर औषध. कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ज्या गाडीत नाही, त्या गाडीत स्नायू ढिले करणारे औषध ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे धावत्या गाडीत दुसऱ्या कशाने खात्रीने कळत नाही. आणि दर वेळी ट्यूब टाकताना सॅचुरेशन किती होते, किती खाली आले, किती वेळ खाली राहिले, हे मॉनिटरवरून उतरवून अलिबागला पाठवले जावे. सॅन दिएगोला आपली चूक कळली ती मॉनिटरच्या नोंदींमुळे. ट्यूब टाकणाऱ्यांच्या आठवणीवर ते विसंबले असते तर कागदोपत्री सगळे सोपेच गेले होते.